प्रतिसाद: आधी कविता, मग बँड

अमेरिकन रॉक कलाकार पॅटी स्मिथ ही मुळात गायिका आणि कविता हा तिचा जोडधंदा, असे एका चर्चेत म्हटले गेले आहे. क्रम मात्र उलटा आहे. १० फेब्रुवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये तिने केले ते काव्यवाचनच होते, फक्त सोबतीला गिटारवादक लेनी के याची इलेक्ट्रिक गिटार होती, आणि पुढे याच जोडीभोवती बँड हळूहळू उभा राहिला. १९७५ च्या ‘हॉर्सेस’ या तिच्या अल्बमची सुरुवात तिच्या जुन्या कवितेतील ओळींनी होते व त्या ओळी व्हॅन मॉरिसनच्या ‘ग्लोरिया’ या गाण्यात मिसळतात; तिच्या कलेचे मर्म मला या सांधेजोडीत दिसते. लग्नानंतर, १९८० च्या दशकात, ती बहुतेक काळ डेट्रॉइटजवळ संसारात रमली, तरी तिचे लेखन चालूच होते.