आंब्यावरच्या बांडगुळाचा काढा मुतखड्यासाठी द्यावा का?

प्रश्न (तासगाव)
आमच्या बांधावरील जुन्या आंब्यावर बांडगूळ माजले आहे. फांद्या छाटताना शेजारच्या अण्णांनी त्याची पाने ठेवून घ्यायला सांगितली, कारण मुतखड्यावर त्यांचा काढा देतात, असे ते म्हणतात. वडिलांना हा त्रास आहे. या वापराला आधार आहे का, आणि पानांत कोणती द्रव्ये असतात? युरोपात कर्करोगावर बांडगुळाची इंजेक्शने देतात असे वाचले. ती वनस्पती हीच का?

उत्तर (वैद्य, सांगली)
आधार जुना आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेद ग्रंथातील वीरतर्वादि गणात (औषधी द्रव्यांच्या गटात) दर्भ, कुश, काश यांच्या जोडीने वृक्षादनी, म्हणजे बांडगूळ, येते आणि हा गण अश्मरी (मुतखडा), शर्करा (लघवीतील रेतीसारखे बारीक खडे) व मूत्रकृच्छ्र (लघवीला त्रास होणे) यांवर सांगितला आहे. मात्र तेथे ते अनेक द्रव्यांपैकी एक आहे, त्यामुळे नुसत्या पानांचा काढा हा त्या पाठाचा आधार ठरत नाही. खडा केवढा आहे आणि कोठे अडकला आहे, हे सोनोग्राफीत पाहिल्याशिवाय मी तर काहीच देणार नाही.

उत्तर (वनस्पतिशास्त्राची अध्यापिका, कराड)
आपल्याकडे आंब्यावर सर्रास दिसणारे बांडगूळ डेन्ड्रोफ्थोई फल्काटा असते. पाने हिरवी असल्याने ते अन्न स्वतः तयार करते, पण पाणी व क्षार शोषकमुळांनी यजमानाच्या, म्हणजे ज्या झाडावर ते वाढते त्याच्या, खोडातून ओढते. त्यात क्वेर्सेटिन व क्वेर्सिट्रिन ही फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये आणि तुरट चवीची टॅनिने सापडतात. खरा प्रश्न यापुढचा आहे, कारण पाण्याबरोबर यजमानाची इतर द्रव्येही त्यात उतरू शकतात: कण्हेरीवर वाढलेल्या याच जातीत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे आढळली आहेत, तर कुचल्यावरील बांडगुळात स्ट्रिक्नीन व ब्रुसीन या विषांची नोंद आहे. म्हणून ‘बांडगुळाची पाने’ एवढ्या ओळखीवर काढा करणे मला धोक्याचे वाटते.

युरोपातील वनस्पती वेगळी, व्हिस्कम आल्बम. तिच्यातील लेक्टिने ही प्रथिने पेशींच्या रायबोसोमांना, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या घटकांना, निकामी करतात. कर्करोगावर तिचा वापर ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी 1920च्या सुमारास सुचवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र तिच्या इंजेक्शनांना कर्करोगासाठी मान्यता दिलेली नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. अण्णांनी आणून दिलेल्या पिशवीतील पाने कोणत्या झाडावरची आहेत हे त्यांनाही आठवत नाही, त्यामुळे ती टाकून देतो. आमच्या आंब्यावरची पाने तरी चालतील का?

उत्तर (वैद्य, सांगली)
आधी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल घेऊन वडिलांना दाखवायला आणा. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, तर कोणताच काढा नको.