कॅम्पर व्हॅनमध्ये गॅसचा हीटर कोणता घ्यावा?

अजिंक्यतारा (सातारा):
नमस्कार. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची आम्ही कॅम्पर व्हॅन करून घेतली आहे. डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ मुक्काम केला, तेव्हा पहाटे टपावरचे दव गोठले होते आणि आईला थंडी सोसवली नाही. पुढच्या हिवाळ्यात स्पितीला जायचे असल्याने प्रोपेनचा छोटा हीटर घ्यावा असे वाटते. ऑक्सिजन कमी होताच बंद पडणारा सेन्सर असल्याने तो रात्रभर चालवला तरी चालेल, असे दुकानदार म्हणतो. त्यावर विसंबावे का? घरचा सिलिंडर त्याला जोडता येईल का?

कृष्णाकाठ (सांगली):
दादा, तो सेन्सर हवेतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर आला की गॅस बंद करतो. पण कार्बन मोनॉक्साइड तो मोजत नाही, आणि ज्योत नीट जळत नसेल तर हा वायू त्याआधीच साचू शकतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा जीव गेला, तो जनरेटरमधून आत शिरलेल्या याच वायूने. म्हणून आतल्या हवेवर जळणारा हीटर झोपताना बंदच हवा. घ्यायचाच असेल तर जळण्यासाठी बाहेरची हवा घेणारा आणि धूर नळीवाटे बाहेरच सोडणारा, बंदिस्त ज्वलनाचा हीटर घ्या.

घरगुती सिलिंडर जोडू नका. तो स्वयंपाकासाठी दिलेला असतो, शिवाय आपल्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो, जो उणे अर्ध्या अंशाखाली वायुरूप होत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होतो. स्पितीच्या थंडीत हा फरक लगेच जाणवेल.

मायणी (सातारा):
आमचा अनुभव सांगतो. बामणोलीला आम्ही उघड्या ज्योतीचा हीटर लावून, वारा नको म्हणून खिडक्या घट्ट बंद केल्या होत्या. तासाभरात काचांवरून पाण्याचे ओघळ आले, कारण एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. पत्नीचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, आणि आम्ही ते पित्त समजून आल्याचा तुकडा चघळत बसलो. दार उघडून बाहेर आल्यावर तिला बरे वाटू लागले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

त्यानंतर आम्ही दोन अलार्म बसवले. कार्बन मोनॉक्साइडचा उशाच्या उंचीवर आहे. गॅसगळतीचा मात्र जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतो. सिलिंडर उभा आणि वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतो, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक आहे. प्रवासाआधी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहतो. गेल्या महिन्यात रेग्युलेटरच्या नटापाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगताना दिसला. नाकाला वास अजिबात आला नव्हता.

अजिंक्यतारा (सातारा):
दोघांचेही मनापासून आभार. दुकानातला हीटर रद्द केला आहे. महाबळेश्वरसाठी आईला जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी पुरेल. स्पितीचा बेत बंदिस्त हीटर आणि दोन्ही अलार्म बसल्यावरच ठरवू. सिलिंडरच्या कप्प्याचे माप मात्र कळवावे, कारण फॅब्रिकेशनवाले सोमवारी पत्रा कापणार आहेत.