प्रतिसाद: मँचेस्टरच्या इमारती आणि काजळी

मँचेस्टरमधल्या मिडलँड हॉटेलचा (1903) चकचकीत तपकिरी दर्शनी भाग निव्वळ श्रीमंती मिरवायला केला, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. अर्धंच खरं. गिरण्यांच्या कोळशाच्या धुरात गंधक असे. तो पावसात मिसळला की वालुकाश्म काळा पडे आणि पापुद्रे सुटत. त्यावर उपाय म्हणून काचेसारखा लेप दिलेलं भाजक्या मातीचं टेराकोटा आलं. धुतलं की काम झालं!

पण त्याची दुखणी वेगळी. टेराकोटाचे ठोकळे आतून पोकळ असतात आणि इमारतीच्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्यांनी अडकवलेले असतात. सांध्यातला चुना निघाला की पाणी आत शिरतं, लोखंड गंजून फुगतं आणि ठोकळा आतूनच तडकतो. अशा वेळी दरजा (ठोकळ्यांमधल्या सांध्यांच्या फटी) कडक सिमेंटने भरणं हा सगळ्यात वाईट उपाय. आत अडकलेलं पाणी मग सांध्याऐवजी ठोकळ्यातूनच वाट काढतं आणि लेपाचे टवके उडतात. दरजा मऊ चुन्यानेच भरायला हव्यात.

मँचेस्टरच्याच जॉन रायलँड्स ग्रंथालयाचा उल्लेख या चर्चेत अजून कुणीच कसा केला नाही? 1 जानेवारी 1900 ला ते वाचकांसाठी उघडलं. गॅसच्या दिव्यांच्या धुराने पुस्तकं खराब होतील म्हणून सुरुवातीपासून विजेचे दिवे, आणि बाहेरची हवा गाळून, काजळी काढून मगच आत सोडायची व्यवस्था. बाहेरून मध्ययुगीन गॉथिक शैलीचं चर्च वाटतं, पण माझ्या मते त्या काळातली शहरातली सगळ्यात आधुनिक इमारत हीच.