मदत हवी आहे: 'योडर' आडनाव मूळचं कुठलं? (घाई आहे)

अनुजा_ओहायो
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचा ८०वा वाढदिवस तोंडावर आलाय. घरच्यांसाठी एक पुस्तिका छापतेय. बाकी सगळं तयार आहे, पण पहिल्या पानावर घराण्याचा इतिहास हवाय आणि तिथेच गाडं अडलंय. आडनाव योडर. सासरे म्हणतात आपण जर्मन. आतेसासूबाई म्हणतात नाव वेगळंच होतं, एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं ठाणं) साहेबाने बदललं. एका साइटने पैसे घेऊन सिंहाचं 'योडर कुलचिन्ह' पाठवलं, खाली लिहिलंय की हे बव्हेरियातले सरदार. कोणाचं खरं धरायचं? 'गूगल करा' असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

सह्याद्रीचा_वारा
ताई, पहिला योडर कधी आला, कोणत्या राज्यात उतरला, चर्च कोणतं, यातलं काहीच लिहिलं नाहीत. नुसतं 'योडर कुठले' म्हणजे 'कुलकर्णी कुठले' असं विचारण्यासारखं आहे.

अनुजा_ओहायो
कधी आले ते माहीत असतं तर धागा काढला असता का? आम्ही ओहायोत आहोत, नावातच आहे की माझ्या.

बर्नचा_पाहुणा
मी नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये राहतो, बर्न कँटनमध्येच (कँटन म्हणजे इथला प्रांत). योडर हे बव्हेरियाचं नाही, इथलं आहे. इथे ते 'जोडर' असं लिहितात आणि उच्चार 'योडर'च करतात, कारण जर्मनमध्ये 'जे' (J) या अक्षराचा उच्चार 'य'. मूळ नाव संत थिओडोरचं. हे वालिस भागाचे पहिले ज्ञात बिशप, ३८१ सालच्या अक्विलियाच्या धर्मसभेला हजर होते. लोकांच्या तोंडी थिओडोरचं 'योडर' झालं. त्यांचा सण १६ ऑगस्टला असतो. पोरांची नावं संतावरून ठेवायची, मग बापाच्या नावाचं आडनाव व्हायचं, असा तो प्रवास. घराण्याचं गाव म्हणून थूनजवळचं स्टेफिसबुर्ग सांगतात.

इथे प्रत्येक नागरिकाच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, 'हाइमाटओर्ट' म्हणजे घराण्याचं मूळ गाव असतं. तो माणूस त्या गावात कधी पाऊलही टाकलेला नसला तरी. कोणतं आडनाव कोणत्या गावचं याची देशभराची यादी ऑनलाइन आहे, फुकट. आधी ती बघा.

जनुकवेडा
कागद चाळत बसण्यापेक्षा सासऱ्यांची वाय गुणसूत्राची चाचणी करून घ्या. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ तसंच जातं, आडनावासारखं. बाकीच्या योडरांशी जुळलं की प्रश्न मिटला. मी आमच्या घरात केली आहे, फार समाधान मिळालं.

सह्याद्रीचा_वारा
निकाल यायला कित्येक आठवडे जातात, वाढदिवस उलटून जाईल. आणि जुळलं तरी 'नातं आहे' एवढंच कळेल, गाव कळणार नाही. गाव कागदच सांगतो.

जनुकवेडा
कागद खोटं बोलतात, रक्त नाही. दत्तक गेलेला मुलगा कागदावर दिसतो का?

सह्याद्रीचा_वारा
दत्तक मुलगासुद्धा घराण्याचाच असतो. पुस्तिका घराण्याची आहे, रक्तगटाची नाही.

मृण्मयी_जोग
एलिस आयलंडचं आधी निस्तरू या. ते ठाणं उघडलं १८९२ साली, आणि तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीतलं नाव तपासायचे, नवीन नावं देत बसायचे नाहीत. अमेरिकेतले बहुतेक योडर तर त्याच्या दीडशे वर्षं आधी आलेत, फिलाडेल्फियाला. तिथे १७२७पासून परदेशी पुरुषांना राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. त्या याद्या टिकल्या आहेत आणि १९३४ साली छापूनही झाल्या आहेत. ज्यांना सही येत नव्हती त्यांचं नाव कारकून कानाला लागेल तसं इंग्रजीत लिहायचा. स्पेलिंग तिथे बदललं असावं. लक्षात ठेवा, बायका आणि लहान मुलं त्या याद्यांत बहुधा नाहीतच.

डॅलसचा_मिलिंद
ओहायो आणि योडर म्हणजे आमिश पंथाचे, यात शंकाच नको. होम्स काउंटीत दर दुसऱ्या पाटीवर योडर आहे. गोष्ट अशी: बर्न सरकार ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मागे हात धुऊन लागलं होतं, कारण ते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नसत, शपथ घेत नसत आणि शस्त्र धरत नसत. १६५९ साली त्यांच्यासाठी वेगळं खातंच काढलं. १६७१ साली शेकडो लोक ऱ्हाइन नदीच्या वाटेने खाली पॅलेटिनेट (आजच्या जर्मनीत) आणि अल्सासमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) गेले. तीस वर्षांच्या युद्धाने पॅलेटिनेट ओस पडलं होतं, तिथल्या राजाला कसणारे हात हवे होते. १६९३ला याकोब आमानने वेगळी चूल मांडली, तेच आमिश. चौदाव्या लुईने १७१२ला अल्सासमधून हाकललं. मग पेनसिल्व्हेनिया, बर्क्स काउंटीतली नॉर्थकिल वस्ती, तिथून सॉमरसेट, आणि १८०९च्या सुमारास ओहायो. हे जसंच्या तसं पान एकवर टाका, काम झालं.

अनुजा_ओहायो
वा! हेच हवं होतं. टाकू का मग?

मृण्मयी_जोग
थांबा, अनुजा! घरात आमिश किंवा मेनोनाइट (हेही ॲनाबॅप्टिस्टच) कोणी होतं का, हे आधी सांगा.

वसंत_काका
माझ्या मते आडनावापेक्षा कुलदैवत शोधावं. आमच्यात आडनाव तीनदा बदललं पण कुलदैवत तेच राहिलं. 'कर' लावलं की गाव कळतं, पण गाव सोडल्यावर लावतात ते, गावात राहून कोणी लावत नाही. सुनबाई, तुमच्या सासरी एखादी परंपरागत पूजा, प्रार्थना आहे का?

नागपूरकर_शिरीष
अवांतर आहे, पण योडरांच्या पंथाचा आणि आपल्याकडचा धागा खरोखर आहे. अमेरिकन मेनोनाइट लोकांनी १८९९ साली धमतरीला मिशन काढलं. आता ते छत्तीसगडात आहे, पण तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. तिथलं त्यांचं रुग्णालय आजही चालू आहे. आमच्या ओळखीतले लोक उपचाराला जायचे.

कोल्हापुरी_मिरची
मूळ स्विस निघालं तर मुलांना स्विस पासपोर्ट मिळेल का? लगेच अर्ज करा, चांगली संधी आहे.

बर्नचा_पाहुणा
नाही मिळणार. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद २५व्या वर्षापर्यंत स्विस कचेरीत झाली नाही तर नागरिकत्व जातं. इथे तर मधे कितीतरी पिढ्या गेल्यात.

अनुजा_ओहायो
आमिश असल्याचं सासऱ्यांनी कधीच सांगितलं नाही. ते लष्करात होते आणि त्यांचे आजोबाही. चर्च आधी 'रिफॉर्म्ड' (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ) होतं म्हणे. काका, पूजा वगैरे काही नाही, दिवाणखान्यात एक जुना जर्मन कागद फ्रेम करून लावलाय तेवढाच. दोन देवदूत, खाली पोपटासारखे पक्षी, मधे काळ्या वळणदार अक्षरांत मजकूर. शोभेचा आहे. आता पुढे सांगता का कोणी?

मृण्मयी_जोग
अनुजा, तो शोभेचा नाही! फोटो टाका. नाहीतर एवढंच सांगा: मजकुरात 'गेटाउफ्ट' किंवा वर मोठ्या अक्षरांत 'टाउफशाइन' दिसतं का?

अनुजा_ओहायो
नवऱ्याला भिंतीजवळ उभं केलं. 'गेबुर्ट्स उंड टाउफशाइन' असं वर आहे. छापील मजकूर, मधल्या मोकळ्या जागा शाईने भरलेल्या. साल १८३१. 'ओली टाउनशिप, बर्क्स काउंटी' वाचता येतं, पण स्पेलिंग जर्मन धाटणीचं आहे. आडनाव मात्र 'जोडर' असं लिहिलंय! बापाच्या नावापुढे बाईचं नाव, मग 'आइने गेबोर्ने श्नायडर'.

मृण्मयी_जोग
हा जन्म-बाप्तिस्म्याचा दाखला आहे. पेनसिल्व्हेनियातले जर्मन लोक असे कागद रेडिंगच्या छापखान्यांतून आणून नावं भरून घेत. 'आइने गेबोर्ने' म्हणजे माहेरचं आडनाव, ते लाखमोलाचं आहे. आणि तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झालाय, म्हणजे हे घराणं त्या वेळी आमिश नव्हतं. खालच्या भागात पाद्र्याचं आणि बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांचं नाव असेल, ते उतरवून घ्या. साक्षीदार बहुतेकदा मामा-काकाच असतात.

ओलीचे योडर वेगळे. हान्स योडर नावाचा माणूस १७१०च्या दशकात ओली खोऱ्यात आला, आमिश योडरांच्या कितीतरी आधी, आणि तो रिफॉर्म्ड होता. मिलिंद, तुमचा आमान, अल्सास आणि नॉर्थकिल यातलं काही इथे लागू नाही. शपथेच्या याद्याही १७२७नंतरच्या, म्हणजे मी सुचवलेल्या यादीतही तो सापडायचा नाही.

डॅलसचा_मिलिंद
दोन्ही शाखा स्टेफिसबुर्गच्याच ना? मग एवढा फरक कशाला करायचा? रंजक भाग तरी ठेवा. लोकांना वाचायला आवडेल.

सह्याद्रीचा_वारा
एकाचे पूर्वज धर्मासाठी देशोधडीला लागले आणि दुसऱ्याचे बहुधा जमिनीसाठी आले. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात दुसऱ्याची गोष्ट त्याची म्हणून द्यायची? मला नाही पटत.

बर्नचा_पाहुणा
रिफॉर्म्ड असल्याचा एक फायदा सांगतो. बर्न कँटनच्या चर्चच्या वह्या सरकारी अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्यात, काही गावांच्या १५२८च्या धर्मसुधारणेपासूनच्या. ॲनाबॅप्टिस्ट लोक मुलांचा बाप्तिस्माच करत नसत, त्यामुळे ते या वह्यांतून गायब होतात आणि गावच्या धर्मन्यायालयाच्या दंडाच्या नोंदींत सापडतात. तुमचे बाप्तिस्मा करणारे, तेव्हा मिळण्याची आशा जास्त. पण लिपी जुनी आहे, इथल्या लोकांनाही सहज वाचता येत नाही. आणि ते सिंहाचं चिन्ह छापू नका. नावावरून चिन्ह विकणारे सगळ्या योडरांना तेच विकतात.

जनुकवेडा
तरी चाचणी कराच. ओली आणि आमिश एकाच रक्ताचे का, ते तिथेच कळेल.

मृण्मयी_जोग
पुढच्या वर्षी करू देत. अनुजा, आत्ता पानावर एवढं लिहा: नाव संत थिओडोरवरून, योडरांचं गाव म्हणून स्टेफिसबुर्ग सांगितलं जातं, आणि १८३१ साली तुमचं घराणं ओलीत होतं याला घरचाच कागद आहे. हान्सपर्यंतची साखळी अजून जोडायची आहे, ते तसंच लिहा. १८३१च्या बाळाचा बाप कोण, ते नाव ओलीच्या रिफॉर्म्ड चर्चच्या वहीत शोधा, मग एकेक पिढी मागे जा. १८५०ची जनगणनाही बघा, घरातल्या सगळ्यांची नावं त्याच वर्षापासून लिहायला लागले.

अनुजा_ओहायो
सगळ्यांचे मनापासून आभार. बव्हेरियाचं पान काढलं, दाखल्याचा फोटो पूर्ण पानभर घेतेय. पाद्र्याचं नाव पुसट झालंय, पहिलं अक्षर नीट लागत नाही. शनिवारी काच काढून भिंगाखाली धरते आणि फोटो इथे टाकते. जुनी जर्मन लिपी वाचणारं कोणी असेल तर त्या दिवशी जरा डोकवाल का?

वसंत_काका
सुनबाई, श्नायडर घराण्याचंही बघा. माहेरच्यांना कोणी विचारत नाही.