अनुभव धागा: नेदरलँड्समधला हौशी फुटबॉलचा मोसम

रविवारचा_गोली:
सकाळपासून धो धो लागलाय, आणि एकदम क्लबचा 'आफखेलास्त'चा मेसेज आठवला. सामना रद्द! हार्लेमजवळच्या एका गावात असताना तिथल्या क्लबच्या चौथ्या संघात खेळायचो. चौथा म्हणजे पळवत नाही पण सोडवतही नाही अशांचा. सप्टेंबर ते मे मोसम, मधे हिवाळी सुट्टी. भिजलेल्या मैदानामुळे राहिलेले सामने मग एप्रिलात, आठवड्यातल्या कुठल्यातरी रात्री दिव्याखाली. त्यात एकदा पहिले आलो! ट्रॅक्टरला सपाट गाडा जोडून गावभर वरात. डोक्यावर बिअर ओतली जातेय आणि दारातल्या आज्ज्या हात हलवतायत. खेळलेल्यांनी लिहा की.

आइंडहोवनची_आई:
धुतलेल्यांनी लिहिलं तर चालेल का? अख्ख्या टीमच्या जर्सींची पिशवी आळीपाळीने घरी येते. कृत्रिम गवतातले ते काळे रबराचे दाणे! मोज्यांत, मशीनच्या रबरी पट्टीत, एकदा तर पोह्यात.

चकलीबहाद्दर:
मोहरी म्हणून खपले असतील.

आइंडहोवनची_आई:
सासरे म्हणाले, फोडणी तडतडली नाही वाटतं.

शनिवारवाला:
गोलीभाऊ, तुमचं रविवारचं लफडं नाही समजायचं आम्हाला. आमचा पट्टा प्रोटेस्टंट, रविवारी चर्च, म्हणून क्लब शनिवारचा. खाली ब्राबांट-लिम्बुर्गात कॅथलिक, तिथे रविवार. हल्ली तेही शनिवारी सरकतायत म्हणे. बरंच आहे, रविवारी झोप मिळते.

डाव्या_पायाचा:
आमच्या पहिल्या संघाची गंमत. मोसमाचे तीन तुकडे करतात, एका तुकड्यात सरस ठरलात तर बढतीच्या सामन्यांत जागा. आमचे शरद ऋतूत सुसाट, नंतर सगळे जायबंदी, एकूण तक्त्यात मधेच कुठेतरी. तरी बढतीला पात्र! गेले आणि पहिल्याच सामन्यात पाच खाऊन आले.
२०१९-२० मात्र पावलं. मार्चमध्येच बंद, ना बढती ना घसरण. तळाला होतो, वाचलो.

रविवारचा_गोली:
हाहा, तेव्हा आमच्या खालच्या श्रेणीतले पहिले किती चरफडत होते! वर होते, तिथेच राहिले बिचारे.

मुळ्याची_भाजी:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. कँटीनची ड्युटी कोणीच कशी सांगत नाही? पोराचं नाव घातलं की आई-बापाच्या नावे पाळी लागलीच. मी पक्की शाकाहारी आणि शनिवारी सकाळी फ्रिकांडेल, म्हणजे खिम्याचे सॉसेज, तळतेय. कपाळावर तेलाची वाफ, मागे रांग, आणि एक आजोबा दरवेळी विचारणार, तुम्ही खात का नाही.

चकलीबहाद्दर:
मग काय सांगता त्यांना?

मुळ्याची_भाजी:
चीजचा टोस्ट खाते म्हणते. खुश होतात.

शनिवारवाला:
आमच्याकडे एकांनी बटाटेवडे केले होते कँटीनला. मध्यंतरापर्यंत संपले, ट्रेनरने हाफटाइमचं भाषणच आटोपतं घेतलं. ताई, आइंडहोवनात बेसन कुठे घेता? आमच्या इथलं खवट निघालं.

आइंडहोवनची_आई:
व्यनि करते. इथे लिहिलं तर उद्या तिथेही रांग लागेल.