अठराव्या वर्षी पोराला दोन वर्षं परदेशी धर्मप्रचाराला धाडायचं? (मॉर्मन शेजाऱ्यांवरून सुचलेला धागा)

वासाचवाला:
शेजाऱ्यांचा मधला मुलगा गेल्या शुक्रवारी तैवानहून परत आला, दोन वर्षांनी. सॉल्ट लेकच्या विमानतळावर मीही होतो, कारण आज्या-मावश्यांची पलटण त्यांच्या एका गाडीत मावेना. फुगे, नावाचे फलक, धाकट्या बहिणीची रडारड. पोरगा आला तो काळ्या सुटात, खिशावर काळी पाटी, आणि बुटांच्या टाचा एका बाजूने पार झिजलेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतलं हे युटा राज्य म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं माहेरघर, सॉल्ट लेक ही त्याची राजधानी. चर्चची स्थापना १८३० ची, जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात केलेली. २०१८ पासून त्यांना 'मॉर्मन' म्हटलेलं आवडत नाही, पण लांबलचक अधिकृत नाव इथे दर वेळी कोण लिहिणार. मुलगे १८ व्या वर्षी २४ महिन्यांसाठी जातात. २०१२ पर्यंत वय १९ होतं. देश चर्च ठरवतं, आपण नाही. तिथे एकट्याने कुठेही फिरायचं नाही, सतत एक जोडीदार सोबत, तोही चर्चनेच नेमलेला. खर्च घरचा: अमेरिकेतल्या कुटुंबाला महिन्याला ५०० डॉलर, २०२० च्या जुलैपर्यंत ४०० होते. पाटीवर 'एल्डर' आणि आडनाव. म्हणजे मिसरूड न फुटलेल्या पोराला सगळं गाव 'वडीलधारे' म्हणणार, चिनीतही तोच अर्थ.

चहा-कॉफी वर्ज्य, आणि धाडलं कुठे तर तैवानला! ताईचुंगजवळ एका म्हातारबांनी किटलीभर उलाँग चहा केला. तीनदा इवलासा पेला भरला, तीनदा यांनी नको म्हटलं. म्हातारबा उठले, पेला विसळून त्यात नुसतं गरम पाणी ओतलं आणि म्हणाले, मग हे तरी धर, हात शेकतील. भिंतीवर त्यांच्या गेलेल्या मुलाचा फोटो होता. पोरगा सांगत होता, त्या दिवशी मी धर्माचा एक शब्द काढला नाही, दोन तास त्या मुलाबद्दल ऐकत बसलो.

गेला तेव्हा हा मुलगा लोकांच्या नजरेला नजर देत नसे. आता माझ्या आईशी खाणाखुणांनी अर्धा तास गप्पा मारतो. मला धर्मप्रचार पटत नाही. पण या वयात दोन वर्षं रोज 'नको' ऐकून पुन्हा पुढचं दार वाजवायचं, हे शिक्षण आपण आपल्या मुलांना कुठे देतो?

खडीसाखर:
अगदी मनातलं! माझं रत्न १८ वर्षांचं. काल दूधवाल्याचे पैसे देऊन ये म्हटलं तर 'जीपे कर ना' म्हणाला, दार उघडायलाही उठला नाही. दोन वर्षं मोबाइलशिवाय कोणी ठेवून घेत असेल तर पत्ता द्या, बाप्तिस्म्याचं नंतर बघू.

वासाचवाला:
ताई, मोबाइल असतो हो, चर्चच्या नियमात बसणारा. आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा घरी फोन चालतो. त्याआधी वर्षाला दोनच, नाताळ आणि मदर्स डे. याच्या थोरल्या भावाने तसं काढलं. शेजारीणबाई म्हणतात, त्या दोन फोनांना मी वही घेऊन बसायचे, काय विचारायचं ते विसरू नये म्हणून.

तिखटमीठ:
सगळं गोड गोड चाललंय, म्हणून मीठ टाकतो. शिक्षण पोराचं झालं, फी कोणी भरली? त्या म्हातारबांनी. मुलगा गमावलेल्या माणसाच्या दारात एक परका पोरगा येतो, ज्याला शिकवून पाठवलंय की तुमचा धर्म अपुरा आहे. त्या दिवशी तो गप्प बसला हे त्याचं भलेपण. रोज गप्प बसला असता तर चर्चने परत बोलावला असता.

आणि हा इतिहास नुसता गरम पाण्याचा नाही. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये याच चर्चच्या पोरांवर आकड्यांचा दट्ट्या होता. त्यांनी बेसबॉल शिकवतो म्हणून शाळकरी मुलं गोळा केली आणि संघात यायचं तर बाप्तिस्मा घे म्हणून धडाधड बुडवली. त्या मुलांना वाटलं खेळाची वर्गणी भरतोय. पुढे ती नावं यादीतून काढत बसावं लागलं. 'बेसबॉल बाप्तिस्मे' म्हणून आजही कुप्रसिद्ध आहेत. या वीस वर्षांच्या पोरांनाही तेव्हा कोणी तरी 'शिक्षण'च देत होतं.

वासाचवाले, तुमच्या शेजाऱ्याने दोन वर्षांत किती बाटवले ते सांगा, मग व्यक्तिमत्त्व विकासाचं बोलू.

वासाचवाला:
विचारलं नाही. घरच्यांसमोर विचारणं बरं दिसलं नसतं.

आकडेमोड्या:
तिखटमीठ, साठ वर्षांपूर्वीचं उकरून आजच्या पोराला कशाला झोडपता? फळं बघा. क्लेटन ख्रिस्टेन्सन, हार्वर्डचे व्यवस्थापनाचे प्राध्यापक, तरुणपणी कोरियात मिशनवर होते, कोरियन बोलायचे. जॉन हंट्समन तैवानमध्ये होते, तिथली चिनी कामी आली, २००९ ते २०११ बीजिंगला अमेरिकेचे राजदूत. २०१२ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेले मिट रॉमनी फ्रान्समध्ये. जगात आज ७० हजारांहून जास्त पोरंपोरी अशी फिरताहेत. दोन वर्षांचे १२ हजार डॉलर. या पैशात एवढी तयारी करून देणारी एमबीए दाखवा.

तिखटमीठ:
एमबीए करणाऱ्याला निदान माहीत असतं की तो स्वतःसाठी करतोय. रॉमनी फ्रान्समध्ये १९६८ साली गाडी चालवत होते तेव्हा समोरून गाडी येऊन धडकली आणि मिशनच्या प्रमुखांच्या पत्नी गेल्या. चूक समोरच्याची मानली जाते, मान्य. पण यशोगाथा सांगताना तुम्ही शेवटचं पान आधी वाचता. जे राजदूत झाले नाहीत त्यांचं काय?

बर्फाळ:
त्यांच्याबद्दल मी सांगतो. माझ्या प्रयोगशाळेतला सहकारी ब्राझीलहून पाचव्या महिन्यात परत आला. रात्री छाती धडधडायची, झोप नाही. जोडीदाराला वाटलं ढोंग करतोय. त्याच्या वेळी विमानतळावर फुगे नव्हते. आई एकटी आली, गाडीचं इंजिन चालू ठेवून बाहेरच थांबली. पुढे वर्षभर रविवारी कोणी ना कोणी विचारायचं, मग परत कधी जाणार? वाईट हेतूने नाही, काळजीनेच. तो आता चर्चला जात नाही, पण पोर्तुगीज गाणी ऐकतो. मी या धाग्यात कोणत्याच बाजूचा नाही. फक्त जिथे सगळे जातात तिथे 'स्वेच्छेने' या शब्दाला किती अर्थ उरतो, ते बघा.

शिंचूवाला:
मी तैवानला शिंचूत पीएचडी केली. सायकल, हेल्मेट, पांढरा शर्ट, टाय, ही जोडगोळी तिथे इतकी नेहमीची की कुणी वळूनही बघत नाही. १९५६ पासून येताहेत. त्यांचे फुकट इंग्रजीचे वर्ग असत. माझी लॅबमधली मैत्रीण दोन वर्षं इंग्रजी शिकली आणि धर्माचा भाग आला की शांतपणे पिशवी उचलून निघायची. तैवानी माणूस आपल्याला वाटतो तेवढा भोळा नाही, तिखटमीठ.

पण दुसरी बाजूही पाहिली. वसतिगृहातल्या एका मुलाने बाप्तिस्मा घेतला. घरातला थोरला मुलगा. त्याने घरी पूर्वजांपुढे उदबत्ती लावणं सोडलं. तिकडे सातव्या चांद्र महिन्यात पितरं घरी येतात असं मानतात, आपल्या पितृपक्षासारखंच. त्या महिन्यात आई जेवणाची ताटं मांडून बसली आणि हा बाहेर व्हरांड्यात उभा. गंमत अशी की हे चर्च स्वतः पूर्वजांपायी वेडं आहे. जगभरच्या वंशावळी गोळा करतं आणि मेलेल्या पूर्वजांच्या नावाने देवळात बाप्तिस्मे घेतं. तायपेईत १९८४ पासून त्यांचं तसं देऊळ आहे. त्याला सांगितलं होतं की पितरांची खरी सेवा ती. आईला हे समजावून सांगणार कोण? ज्यांनी बाप्तिस्मा दिला, त्या दोघांची तोवर बदली झाली होती.

जुना_नगरकर:
शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आमचं घराणं नगरचं, ख्रिस्ती होऊन पाच पिढ्या झाल्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ ला नगरला आले. त्यांच्यावर टीका करायला मलाही भरपूर आहे, पण ते राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, दुष्काळ बघितले, त्यांच्यातल्या काहींची थडगी इथेच आहेत. ज्याला बाप्तिस्मा दिला त्याला वाळीत टाकलं की ते भांडण त्यांच्या अंगणात यायचं. चोवीस महिन्यांचा प्रचारक भांडण लावून विमानात बसतो.

अवांतर: मॉर्मन आपल्याकडेही येऊन गेले. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा गृहस्थ मुंबई-पुण्यात प्रचार करत होता. फार काही हाती लागलं नाही.

खडीसाखर:
नगरकरकाका, एकदम गप्प केलंत. माझ्या रत्नाला मी आपली गावी आजोबांकडेच पाठवते, दूध काढायला.

आकडेमोड्या:
नगरकर, जे राहिले ते जास्त खोल शिरले, म्हणजे तुमच्याच हिशोबाने जास्त घरं फोडली. पोरं दोन वर्षांत निघून जातात हे बरंच म्हणायचं की.

जुना_नगरकर:
फोडली असतील. पण दाराशी जाब विचारायला गेलं तर घरात माणूस होता.

वासाचवाला:
काल संध्याकाळी तो पुन्हा आला. काळी पाटी आता नाही, ती परतल्यावर काढायची असते, पण हात अजून सवयीने खिशावर जातो. आई सांगलीहून आली आहे सध्या. त्याला चहा चालत नाही म्हणताच तिने आलं, गूळ आणि गवती चहा उकळला. नावात चहा असला तरी पत्ती नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं तेव्हा कप हातात घेतला.

तिखटमीठ, तुमचा प्रश्न आईनेच विचारला, तोही सरळ: "किती बाटवलेस रे?" मी जरा सौम्य करून इंग्रजीत सांगितलं. त्याने हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. आई म्हणाली, फोन करतो म्हणतोय का? चिनी लोक एका हाताने सहा असा दाखवतात, हे मलाही काल कळलं. सहा. त्यातले दोघं अजून चर्चला जातात.

"आणि बाकीचे चौघं?" आई म्हणाली. हे मात्र मी शब्दाला शब्द विचारलं. तो बराच वेळ कपात बघत राहिला. दोघांशी अजून बोलणं होतं म्हणाला. उरलेल्या दोघांचा नंबर त्याच्याकडे नाही.