स्केमॅटिकवर चित्रे आणि रेखाटने असावीत का?

(स्केमॅटिक म्हणजे विद्युत मंडलाची आकृती. चर्चा करणाऱ्या चौघांची नावे टोपणनावे आहेत.)

तरंगरेषा: स्केमॅटिकवर चिन्हे, वायर आणि नेटची (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटांची) नावे एवढेच असावे, असा आग्रह अनेक अनुभवी अभियंते धरतात. मला तो मान्य नाही. स्केमॅटिक वाचणारा बहुतेक वेळा ते रचणारा नसतो. बंद पडलेला बोर्ड समोर ठेवून तो दोष शोधत असतो. स्विचिंग रेग्युलेटरच्या (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज राखणाऱ्या मंडलाच्या) स्विच नोडजवळ, म्हणजे ती चालू-बंद होते त्या जोडबिंदूजवळ, अपेक्षित तरंगाचे छोटे रेखाटन आणि त्याचे व्होल्टेज दिलेले असेल, तर ऑसिलोस्कोपवर (तरंग दाखवणाऱ्या उपकरणावर) दिसते ते बरोबर की चूक, हे त्याला तिथल्या तिथे ठरवता येते. दूरचित्रवाणी संचांच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांमध्ये चाचणीबिंदूंचे तरंग छापत असत, ते याचसाठी. कनेक्टरचे चिन्ह तर क्रमांक घातलेला नुसता आयत असतो. पिन १ कोणत्या कोपऱ्यात आहे आणि आपण कनेक्टरकडे समोरून पाहत आहोत की सोल्डरच्या बाजूने, हे त्यावरून कळत नाही, आणि केबल उलटी जोडली जाते ती नेमकी इथेच. कीकॅड या स्केमॅटिक काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या २०२३ मधील सातव्या आवृत्तीपासून स्केमॅटिकवर आयत, वर्तुळ, वर्तुळाचा कंस आणि मजकुराची चौकट थेट काढता येते. सोय आहे, तर ती वापरावी.

नेटलिस्ट: माझा स्पष्ट विरोध आहे. ग्राफिक रेषा डोळ्यांना वायरसारखी दिसते, पण नेटलिस्टमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, तिला स्थान नसते. घाईत कोणी वायरऐवजी तीच रेषा ओढली, तर कागदावर जोडणी दिसते आणि बोर्डवर ती नसते. ज्या पानावर प्रत्येक रेषेला विद्युत अर्थ आहे, त्यावरच वाचणाऱ्याला विश्वास ठेवता येतो.

चाचणीबिंदू: ही भीती मला अवाजवी वाटते. पिन मोकळी राहिली, तर विद्युत नियमांची तपासणी, म्हणजे ईआरसी, ती दाखवून देतेच.

नेटलिस्ट: मोकळी राहिली तर. अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड (शून्य व्होल्टेजच्या दोन वेगळ्या जोडण्या) एका ठिकाणी जोडायचे आहेत आणि तिथे चुकून ग्राफिक रेषा पडली, असे समजा. दोन्ही नेटवर इतर भाग आधीच जोडलेले असल्यामुळे एकही पिन मोकळी नसते. ईआरसी निमूटपणे पुढे जाऊ शकते आणि दोन ग्राउंड वेगळेच राहतात.

आवृत्तीलेख: मला रेषेपेक्षा छायाचित्रांची अडचण मोठी वाटते. कीकॅडची स्केमॅटिक फाइल मजकुराच्या स्वरूपात असते, म्हणून दोन आवृत्त्यांतला फरक गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात पाहता येतो. चित्र चिकटवले की ते बेस६४, म्हणजे अक्षरे-अंकांत लिहिलेल्या, रूपात त्याच फाइलमध्ये शिरते, मूळ आकाराच्या सुमारे एक तृतीयांशाने फुगते, आणि त्यात नेमके काय बदलले हे कोणालाही वाचता येत नाही. शिवाय कनेक्टर बदलला, तरी त्याचे जुने छायाचित्र पानावर तसेच राहते. चुकीचे चित्र हे चित्र नसण्यापेक्षा वाईट.

तरंगरेषा: ग्राउंडचे उदाहरण बिनतोड आहे, त्यामुळे ग्राफिक रेषा तुटक आणि वायरपेक्षा जाड असावी, हे मी मान्य करतो. नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण काळ्यापांढऱ्या छपाईत तो फरक नाहीसा होतो. छायाचित्रेही नकोत, रेषांनी काढलेली रेखाटने पुरतात. परंतु ऑप्टोकप्लरच्या (प्रकाशाने संकेत पलीकडे पोचवणाऱ्या भागाच्या) दोन बाजूंमधून पानभर ओढलेली विलगीकरणाची तुटक रेषा कोणी काढून टाकू म्हणेल, तर मी ते कधीच मानणार नाही. मेन्सला (मुख्य वीजपुरवठ्याला) जोडलेली बाजू कुठे संपते, हे प्रोब लावणाऱ्याला नेटच्या नावांवरून शोधत बसावे लागू नये.

नेटलिस्ट: त्या एका रेषेला माझीही हरकत नाही. तरंगांच्या रेखाटनांना मात्र आहे. ती चाचणीच्या दस्तऐवजात ठेवावीत.